कागदावरचं भोक आणि अंगावर येणारा माणूस

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा गाडीच्या गर्दीत एक इअरफोन कुठेतरी पडला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढला आहे. बोलताना घेतलेले श्वास आणि 'अं' काढलेत, बाकी बोलणं बरंचसं तसंच आहे.

विषय रिव्हॉल्वरचा. आधीच सांगतो, कुठलं घ्यावं, कितीला पडतं, लायसन कसं काढतात, यातलं इथे काहीही नाही. मला वेगळाच प्रश्न पडलाय आणि तो मूळचा माझा नाही, माझ्या मामांचा आहे.

कोल्हापुरात कॉलेजला असताना मी दोन वर्षं नेमबाजीच्या रेंजवर जायचो. आमच्याकडे यात नवल काही नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, पॅरिसला ब्राँझ जिंकलेला स्वप्नील कुसाळे, सगळी आमच्याच जिल्ह्यातली मंडळी. त्यांच्यामुळे अर्ध्या पोरांना वाटायचं की आपल्या हातातही काहीतरी आहे. माझ्या हातात फारसं नव्हतं, ते सहा महिन्यांत कळलं. पण एक दुपार लक्षात राहिली आहे. रेंजवरच्या एका ज्येष्ठ सभासदांकडे जुनं .३२ रिव्हॉल्वर होतं. एरवी आम्ही पिस्तूलवाले; हे फिरत्या सिलिंडरचं प्रकरण फक्त सिनेमात बघितलेलं. त्यांनी शेजारी उभं राहून माझ्याकडून दहा गोळ्या झाडून घेतल्या, पंचवीस मीटरवरून. पहिल्या पाच गोळ्यांना प्रत्येक वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. पुढच्या पाचांना अंगठा लावायचा नाही, थेट चाप ओढायचा.

पहिल्या पाच गोळ्यांची भोकं एका बशीत मावतील अशी आली. दुसऱ्या कागदावर तीनच भोकं होती. उरलेल्या दोन गोळ्या मागच्या मातीत गेल्या.

पहिला कागद मी घडी न घालता घरी नेला. मामा पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालेले. चष्मा लावून त्यांनी कागद उजेडात धरला, भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "झ्याक हाय. पण मला सांग, ह्यो कागद तुझ्या अंगावर पळत आलता काय?"

मी गप्प. मग त्यांनी दुसरा कागद मागितला. तो मी आणलाच नव्हता.

त्या एका प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे हे मला बऱ्याच वर्षांनी वाचताना समजलं. म्हणून आजचा भाग.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोटाने ओढायचा तो चाप. मागच्या बाजूला असतो आणि काडतुसावर हाणतो तो घोडा. (आपल्याकडे बोलताना चापालाही घोडा म्हणतात, मुंबईत तर अख्ख्या बंदुकीलाच घोडा म्हणतात. इथे घोडा म्हणजे फक्त मागचा.) घोडा अंगठ्याने आधीच मागे ओढून ठेवला, तर चापाला काम एकच उरतं, त्याला सोडायचं. त्याला सिंगल ॲक्शन म्हणतात. चाप हलका लागतो, साधारण दीड-दोन किलोचा जोर, आणि प्रवास एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा. डबल ॲक्शनमध्ये चापच घोडा मागे नेतो, चापच सिलिंडर फिरवतो आणि चापच घोडा सोडतो. त्याला पाच-सहा किलो जोर लागतो आणि बोट लांबवर खेचावं लागतं. तेवढ्या ओढाओढीत नळीचं तोंड हलतं. पंचवीस मीटरवर ते केसभर हललं तरी गोळी वितीने चुकते. माझ्या दोन गोळ्या मातीत गेल्या त्या अशा.

म्हणजे कागदासाठी सिंगल ॲक्शन आणि जिवावर बेतलं तर डबल ॲक्शन, इतकं सोपं आहे का? सुरुवातीला लोकांना तसंच वाटलं होतं.

अमेरिकेत सॅम्युएल कोल्टने रिव्हॉल्वरचं पेटंट घेतलं १८३६ साली. १८५१ मध्ये लंडनला ते प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे कोल्ट आपला माल घेऊन आला. त्याच प्रदर्शनात रॉबर्ट ॲडम्स नावाच्या इंग्रज कारागिराचं रिव्हॉल्वरही मांडलेलं होतं. दोघांच्या डोक्यातले गिऱ्हाईक वेगळे होते. कोल्टचं रिव्हॉल्वर सिंगल ॲक्शन: प्रत्येक गोळीला अंगठा लावा, शांतपणे नेम धरा. ॲडम्सच्या घोड्याला अंगठा टेकवायला जागाच नव्हती. चाप ओढत राहा, गोळ्या सुटत राहतील. कोल्टचा नेम चांगला लागायचा, ॲडम्सची गोळी जाड होती.

तीन वर्षांनी क्रिमियाचं युद्ध आलं. इंकरमनच्या लढाईत, नोव्हेंबर १८५४ मध्ये, क्रॉस नावाचा एक इंग्रज अधिकारी रशियन सैनिकांच्या गराड्यात सापडला. त्याने नंतर ॲडम्सला कळवलं की प्रत्येक गोळीआधी घोडा ओढत बसावं लागलं असतं तर आपण जिवंत राहिलो नसतो. अशी पत्रं कारखानदारांना किती प्रिय असतील याची कल्पना करा. आजच्या भाषेत फाइव्ह स्टार रिव्ह्यू.

मग ब्युमाँट नावाच्या एका इंजिनिअर लेफ्टनंटने तोडगा काढला. ॲडम्सच्याच रिव्हॉल्वरला त्याने अंगठ्याची जागा दिली. वेळ असेल तर घोडा ओढा, नसेल तर नुसता चाप. १८५६ मध्ये ब्रिटिश सैन्याने हे ब्युमाँट-ॲडम्स रिव्हॉल्वर स्वीकारलं. भांडण मिटलं असं वाटलं. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे तारीख तुम्हाला ठाऊकच आहे, १८५७.

आता जो किस्सा सांगणार आहे तो रिव्हॉल्वरच्या इतिहासावरच्या पुष्कळ इंग्रजी लिखाणात येतो. तो सांगितला जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरीने. हा बंगाल आर्मीतला अधिकारी. १८६३ मध्ये सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता, त्यामुळे लोक त्याचं ऐकायचे. किस्सा असा. सत्तावनच्या धामधुमीत एक अधिकारी होता, त्याला आपल्या पिस्तूलबाजीचा फार अभिमान. त्याच्याकडे कोल्टचं नेव्ही मॉडेल होतं, .३६ गोळीचं. त्याच्यावर एक धिप्पाड बंडवाला शिपाई तलवार घेऊन चालून आला. अधिकारी उभा राहून गोळ्या झाडत राहिला. शिपाई थांबला नाही. तो तलवारीच्या टप्प्यात आला आणि त्याने अधिकाऱ्याचं डोकं फोडलं. नंतर शिपायाचं प्रेत तपासलं तर सहापैकी पाच गोळ्या छातीत लागलेल्या, अगदी जवळजवळ, आणि सगळ्या आरपार गेलेल्या.

जवळजवळ. म्हणजे एका बशीत मावतील अशा.

हे वाचलं तेव्हा मला मामांचा चष्मा आठवला.

इंग्रजांनी यातून जो धडा घेतला तो गोळीच्या जाडीचा होता. बारीक, वेगवान गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो चालतच राहतो. म्हणून जाड, सावकाश, जड गोळी हवी. पुढे १८८७ मध्ये सैन्याने वेब्ली रिव्हॉल्वर घेतलं ते .४५५ चं, म्हणजे जवळजवळ साडेअकरा मिलिमीटर गोळीचं. पहिल्या महायुद्धातलं त्याचं सहावं मॉडेल रिकामं असताना किलोभराच्या वर भरायचं. हातात धरलं की लक्षात येतं, ही वस्तू लांबच्या कागदासाठी केलेली नाही.

पण किस्सा सांगणाऱ्याकडेही बघायला हवं. फॉस्बेरी जाड गोळीच्या बाजूचा माणूस, आणि हे सगळं तो सांगतोय घटनेनंतर कित्येक वर्षांनी. किती खरं, किती रंगवलेलं, कोण जाणे. मला टोचतं ते वेगळंच. या गोष्टीत बंदुकीचं मॉडेल आहे, गोळीचा आकार आहे, भोकांचं अंतर आहे. तो शिपाई कुठला, त्याचं नाव काय, पाच गोळ्या छातीत घेऊन तो पुढे का चालत राहिला, यातलं काही नाही. पुस्तकांमध्ये तो एक मोजमाप बनून राहिलाय. रिव्हॉल्वरच्या जगात 'स्टॉपिंग पॉवर' हा शब्द फार चालतो, माणूस थांबवण्याची ताकद. तो ऐकला की मी विचारतो, नक्की कोणाला थांबवण्याची? सुरुवातीच्या या हिशेबात समोरचा माणूस पुष्कळदा आपल्यातलाच होता.

गोळ्यांचंही तेच. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्याचं नाव जगभर झालं ते फुटणाऱ्या, पसरणाऱ्या गोळीमुळे. दमदमची गोळी रायफलची. पण रिव्हॉल्वरसाठीही वेब्लीची तशी गोळी १८९८ मध्ये आली आणि तिला नावच पडलं 'मॅनस्टॉपर'. टोकाला निमुळती नाही, तर नळकांड्यासारखी सपाट आणि पुढून खोलगट. १८९९ च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटनच्या प्रतिनिधीने काय मांडलं माहितीये? युरोपातल्या सुधारलेल्या सैनिकासाठी साधी गोळी पुरे, पण रानटी लोक जखम झाली तरी पुढे येतात, त्यांच्यासाठी अशी गोळी लागते. रानटी म्हणजे आपण, आणि आपल्यासारखे आफ्रिकेतले. ठराव झालाच, आणि मॅनस्टॉपरही लवकरच मागे घ्यावी लागली.

गंमत पुढे आहे. आज पंचवीस मीटरच्या सेंटर फायर स्पर्धेत खेळाडू जी गोळी वापरतात, तीही पुढून सपाट असते. तिला वॉडकटर म्हणतात. टोकदार गोळी कागदाला फाडत जाते, कडा फाटक्या राहतात आणि गोळी आतल्या वर्तुळाला लागली की बाहेरच्या, यावर वाद होतो. सपाट गोळी पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते. गुण मोजायला सोपं. दोन्ही गोळ्या शेजारी ठेवल्या तर चुलत बहिणी वाटतील. एक माणसात मोठी जखम करायला सपाट, दुसरी कागदात नीट भोक पाडायला सपाट.

बरं, फॉस्बेरीकडे परत येऊ, कारण त्याची गोष्ट तिथे संपत नाही. म्हातारपणी त्याने स्वतःच एक रिव्हॉल्वर काढलं. १८९५ चं पेटंट, १९०१ पासून वेब्ली कंपनीने ते विकायला काढलं: वेब्ली-फॉस्बेरी ऑटोमॅटिक रिव्हॉल्वर. त्याची कल्पना खरंच सुंदर आहे. गोळी सुटली की बंदूक मागे धक्का मारते ना? तो धक्का एरवी वाया जातो, हाताला झोंबतो. फॉस्बेरीने नळी आणि सिलिंडर मिळून वरचा सगळा भाग खालच्या सांगाड्यावर सरकता केला. धक्क्याने तो मागे सरकतो आणि घोडा ओढून ठेवतो. सिलिंडरच्या बाहेरून नागमोडी खाचा कोरलेल्या आहेत, त्यांत एक खुंटी अडकलेली असते. मागे जाताना खुंटी सिलिंडरला अर्ध्या वाटेवर फिरवते, पुढे येताना उरलेलं फिरवते. पहिल्या गोळीला तेवढं हाताने तयार करायचं. मग प्रत्येक गोळीला चाप हलका, सिंगल ॲक्शनसारखा, आणि वेग डबल ॲक्शनच्या वरचा.

म्हणजे बघा, कोल्टचा नेम आणि ॲडम्सची घाई एकाच यंत्रात, आणि वर .४५५ ची जाड गोळी. सत्तावनचा किस्सा सांगणाऱ्या माणसाने त्या किश्श्यावर काढलेलं उत्तरच म्हणा ना.

ते उचललं कुणी? खेळाडूंनी. लंडनजवळ बिझली नावाचं गाव आहे, तिथे १८९० पासून ब्रिटनची मोठी रेंज आहे. नेमबाजीच्या जगात बिझलीचं नाव क्रिकेटमधल्या लॉर्ड्ससारखं घेतात. कोल्टने १८९४ मध्ये खास निशाणेबाजीचं एक मॉडेल काढलं, त्याचं नावही बिझलीच ठेवलं. तिथे वॉल्टर विनान्स नावाचा एक अवलिया होता. अमेरिकन, जन्म रशियात, आयुष्य इंग्लंडात, पैसा वडिलोपार्जित. रिव्हॉल्वर नेमबाजीवर पुस्तक लिहिलं, १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं सुवर्णपदक जिंकलं आणि १९१२ मध्ये शिल्पकलेचं. हो, तेव्हा ऑलिंपिकमध्ये शिल्पकलेलाही पदक होतं! तर या विनान्सने १९०२ मध्ये फॉस्बेरीचं रिव्हॉल्वर घेऊन बारा पावलांवरून सात सेकंदांत सहा गोळ्या दोन इंचांच्या वर्तुळात मारल्या. बशीही नाही, कपाचं तोंड.

सैन्याने मात्र ते कधी अधिकृतपणे घेतलं नाही. काही अधिकाऱ्यांनी पदरमोड करून युद्धावर नेलं. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत गुडघाभर चिखल. त्या सुबक नागमोडी खाचांमध्ये आणि सरकत्या रुळांमध्ये तो चिखल जाऊन बसला, की यंत्र अडलं. शिवाय मनगट घट्ट धरलं नाही तर धक्का पुरा मागे जात नाही आणि पुढची गोळी तयारच होत नाही. आणि घाबरलेल्या, दमलेल्या, जखमी माणसाचं मनगट घट्ट असेलच असं नाही. सगळी मिळून पाच हजारांच्या आत बनली असावीत. आज ते रिव्हॉल्वर ओळखतात ते संग्राहक, आणि 'द माल्टीज फाल्कन' बघितलेले सिनेमावेडे.

फॉस्बेरी १९०७ मध्ये वारला, खंदक त्याने पाहिले नाहीत. पण मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. त्याला अंगावर येणाऱ्या माणसासाठी हत्यार करायचं होतं आणि त्याच्या हातून निघालं ते कागदासाठीचं अप्रतिम खेळणं.

त्यानंतर दोन वाटा खरोखर फुटल्या. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांच्या लक्षात आलं की .४५५ चा धक्का नवशिक्या पोरांना झेपत नाही. शिकवायला वेळ लागतो आणि वेळ कुणाला आहे? म्हणून गोळी लहान केली, .३८. नवीन एनफिल्ड रिव्हॉल्वर १९३२ मध्ये स्वीकारलं. सहा वर्षांनी त्यातही बदल केला: घोड्याला अंगठ्याची जागाच कापून टाकली. रणगाड्यातल्या लोकांची तक्रार होती, आत-बाहेर करताना घोड्याचं ते टोक कुठेतरी अडकतं, असं कारण सांगतात. म्हणजे १८५१ च्या ॲडम्सवर गाडी परत आली. फक्त चाप ओढा. लांबचा नेम गेला तर गेला. हे हत्यार दहा-पंधरा पावलांसाठीच आहे, असा तो निर्णय. शांघायच्या पोलिसांत फेअरबेर्न नावाचा अधिकारी तर याच सुमारास शिकवत होता की जवळच्या झटापटीत माशीतून नेम धरायला वेळ मिळतच नाही, हात वर करा आणि झाडा. रेंजवरच्या आमच्या सरांनी हे ऐकलं असतं तर माझ्या पाठीत धपाटा घातला असता.

आणि खेळ? खेळाने हळूहळू माणूस काढून टाकला. १९०६ मध्ये अथेन्सला झालेल्या खेळांत पिस्तूलवाले कोट घातलेल्या पुतळ्यांवर गोळ्या झाडायचे, त्यांच्यावर वर्तुळ काढलेलं. नंतर पुतळे गेले, माणसाच्या आकाराचे पुठ्ठे आले. रॅपिड फायर स्पर्धेत ते १९८९ पर्यंत होते. आता नुसती काळी वर्तुळं. पण खुणा राहिल्यात. सेंटर फायरमध्ये साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस निवांत, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. मधलं वर्तुळ पाच सेंटीमीटरचं, लिंबाएवढं. दुसऱ्या तीस गोळ्यांना हात खाली ठेवून उभं राहायचं, लक्ष्य तीन सेकंद तोंड दाखवतं, तेवढ्यात हात वर आणि एक गोळी. मग सात सेकंद विश्रांती. जुने खेळाडू या टप्प्याला अजून ड्युएलिंग म्हणतात, द्वंद्वयुद्ध. मामांच्या प्रश्नाला खेळाने दिलेलं उत्तर म्हणायचं तर ते एवढंच, तीन सेकंद. त्यातही चापाचं वजन किमान एक किलो हवं, एवढाच नियम. म्हणजे एनफिल्डच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढं. याच प्रकारात जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. रिव्हॉल्वरला नियमांत अजूनही जागा आहे, पण मोठ्या स्पर्धांत सगळे पिस्तूलच वापरतात.

त्यांच्या काडतुसाचा आकार बहुतेक वेळा .३२. आणि आपल्याकडे साध्या नागरिकाला लायसनवर जे रिव्हॉल्वर मिळतं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, तेही .३२. २०१४ मध्ये तिथूनच 'निर्भीक' आलं. बायकांच्या स्वसंरक्षणासाठी अशी जाहिरात, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. एकच काडतूस, एका हातात लिंबाएवढ्या वर्तुळासाठी आणि दुसऱ्या हातात पर्समधून घाईने काढण्यासाठी. अर्ध्या किलोचं रिव्हॉल्वर हाताला किती उडी मारतं आणि ते घेणाऱ्या बाईला सराव करायला रेंज कुठे आहे, याबद्दल जाहिरातीत काही नव्हतं.

या दोन वाटा कागदावर वेगळ्या, पण बंदूक तर तीच राहते. हे सगळ्यात वाईट रीतीने कळलं स्कॉटलंडमध्ये. १३ मार्च १९९६, डनब्लेन गावची प्राथमिक शाळा. एका माणसाने व्यायामशाळेत शिरून सोळा लहान मुलं आणि त्यांच्या शिक्षिका यांना मारलं. त्याच्याकडच्या चारही बंदुका, दोन पिस्तुलं आणि दोन रिव्हॉल्वर, लायसनच्या होत्या. नेमबाजीसाठी घेतलेल्या. १९९७ मध्ये ब्रिटनने जवळपास सगळ्या हँडगनवर बंदी घातली, आधी मोठ्या, मग .२२ सुद्धा.

बिझलीच्या रेंजवर आता काय चालतं बघा. समोरून दारू ठासून भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका बंदीतून सुटल्या, त्यामुळे कोल्ट नेव्हीसारखी, म्हणजे सत्तावनच्या त्या अधिकाऱ्याकडे होती तशी रिव्हॉल्वर लायसनवर वापरता येतात. आधुनिक रिव्हॉल्वर हवंच असेल तर नळी किमान ३० सेंटीमीटर आणि एकूण लांबी किमान ६०. ती भरून काढायला मुठीच्या मागे एक लांब दांडा जोडलेला असतो. फोटो शोधून बघा, हसू येईल. पण त्या दांड्याचं कारण वाचलं की हसू थांबतं: हे कुणाच्या खिशात लपता कामा नये. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेची नेमबाजी बिझलीला झाली, तेव्हा सरकारला पिस्तुलांसाठी खास सूट द्यावी लागली. ब्रिटनचे स्वतःचे पिस्तूल नेमबाज सरावाला परदेशी जात होते. आपले नेमबाज तिथून सुवर्णपदकं घेऊन आले, राणा त्यात होता.

हे सगळं वाचून झाल्यावर गेल्या दिवाळीत मी मामांकडे गेलो. म्हटलं, मामा, तुमच्या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांना क्रॉसची गोष्ट सांगितली, सत्तावनच्या शिपायाची सांगितली. ते सुपारी कातरत ऐकत होते. मी विचारलं, "तुम्ही किती वेळा बाहेर काढलं होतं?"

"दोनदा."

पहिली वेळ त्यांनी हाताने झटकून टाकली. दुसरी सांगितली. एका गावात रात्री दोन गटांत मारामारी पेटली होती. हे चौघे जण गेलेले. वीज गेलेली. एका बोळातून एक पोरगा कोयता घेऊन धावत थेट यांच्या समोर आला. मामांच्या कमरेला .३८. घोडा ओढायला वेळ नव्हता आणि ते सुचलंही नाही. नुसता चाप ओढायला लागले.

"लई जड असतोय त्यो," मामा म्हणाले. "येत येत येतोय. निम्मा वढला आसंल, तवर बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. त्यानं माझ्याकडं बगितलं. मी त्याच्याकडं. कोयता टाकून भिताडाला टेकून बसला बघ. मग मी बोट सैल सोडलं."

मी विचारलं, चाप हलका असता तर? आमच्या रेंजवरच्यासारखा?

मामांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मग उठून आत गेले, पाणी प्यायले, परत आले.

त्या पोराचं नाव मामांना माहीत आहे. इथे देत नाही. आता पन्नाशीचा असेल, मंडईत कांदे-बटाटे विकतो. मामा दिसले की लांबूनच हात करतो, आणि मामा म्हणतात, वजनात मारतो लेकाचा, पण घेतो मी त्याच्याकडूनच.